सगळे रिपोर्ट निगेटिव्ह, तरी जळजळ आणि खाज जात नाही: पुढे काय बघायचं?

रानजाई
लैंगिक आजारांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या की जीव भांड्यात पडायला हवा. बऱ्याच जणांची खरी फरफट मात्र तिथूनच सुरू होते. लघवीला जळजळ, लिंगाच्या टोकाशी टोचणी, योनीमुखाशी आग, जांघेत खाज, अंडकोषात जडपणा, आणि डोक्यात एकच घोळत राहतं: रिपोर्ट चुकला असणार. मग दुसरी लॅब, आणखी महागडं पॅकेज, मध्येच केमिस्टकडून गोळ्या.

इथे लॅब, त्वचारोग, स्त्रीरोग, फिजिओथेरपी, समुपदेशन अशा क्षेत्रांतले सदस्य आहेत, म्हणून हा धागा. निगेटिव्ह रिपोर्ट किती पक्का धरायचा? आणि तो पक्का असेल तर त्रास कशाचा?

माझं मत आधीच मांडते. लाजेपोटी रक्त आणि लघवी दिली जाते, पण त्या भागाकडे उजेडात, नीट, कुणी बघितलेलंच नसतं. पुढची तपासणी लिहून देण्याआधी ते व्हायला हवं.

सूक्ष्मदर्शी
लॅबच्या बाजूने लिहितो. 'सगळे रिपोर्ट' म्हणजे नेमके कोणते, हे आधी कागद काढून बघा. बहुतेक वेळा तो संच एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी), हिपॅटायटिस बी आणि लघवीची साधी तपासणी एवढाच असतो. गनोरिया आणि क्लॅमिडिया त्यात नसतातच, आणि मूत्रमार्गाच्या जळजळीसाठी तेच दोन आधी बघायचे असतात. त्यांची तपासणी पीसीआरने (नॅटने, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधून) होते, संबंधानंतर साधारण २ आठवड्यांनी.

नमुना कसा दिला यावर पुष्कळ अवलंबून आहे. पुरुषांनी लघवीची पहिली धार द्यायची, २० ते ३० मिलि, त्याआधी किमान एक तास लघवीला गेलेलं नसावं. कल्चरला (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला) मात्र मधली धार लागते. एकाच बाटलीत दोन्ही उरकलं की पीसीआरचा नमुना पातळ होतो. स्त्रियांमध्ये लघवीपेक्षा योनीतला स्वॅब चांगला, तो स्वतः घेतला तरी चालतो. तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे संबंध असेल तर तिथला स्वॅब वेगळा. लघवीत ते दिसत नाही.

एचआयव्हीची चौथ्या पिढीची तपासणी (शिरेतलं रक्त, अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघणारी) ४५ दिवसांनी निगेटिव्ह असेल तर निर्णायक धरतात. बोटाला टोचून केलेल्या रॅपिड तपासणीला ३ महिने द्यावे लागतात. सिफिलिसलाही ३ महिने. जखम नुकतीच झाली असेल तेव्हा व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून जखम असताना एकट्या व्हीडीआरएलवर विसंबू नये, टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी रक्ततपासणी जोडून घ्यावी.

पैसे वाया घालवणाऱ्या तपासण्या: क्लॅमिडिया आयजीजी, हर्पिस आयजीएम (दोन्ही रक्तातल्या अँटिबॉडीच्या), टॉर्च पॅनेल (गरोदरपणात बघतात तो संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा संच). हर्पिस १ चं आयजीजी पॉझिटिव्ह येणं म्हणजे बहुधा लहानपणी घरातल्या कुणाकडून आलेला ओठांचा हर्पिस. सध्याच्या जळजळीबद्दल ते काहीच सांगत नाही.

कोकणकडा
वाखू (वाचनखूण) साठवली आहे. एक शंका. हल्ली १०-१२ जंतूंचं एकत्र पीसीआर पॅनेल मिळतं. त्यात 'युरियाप्लाझ्मा पार्वम डिटेक्टेड' किंवा 'गार्डनेरेला डिटेक्टेड' असं लाल अक्षरात येतं. मग तो रिपोर्ट निगेटिव्ह धरायचा की पॉझिटिव्ह?

चाफा
त्वचा आणि गुप्तरोग विभागातून उत्तर देतो. युरियाप्लाझ्मा पार्वम, मायकोप्लाझ्मा होमिनिस, गार्डनेरेला हे काहीही त्रास नसलेल्या असंख्य लोकांच्या अंगावर मुक्कामाला असतात. लाल अक्षर म्हणजे आजार नव्हे. ते सापडले म्हणून औषध देत बसलं की रुग्ण 'पॉझिटिव्ह' या शब्दात अडकतो आणि निघता निघत नाही.

त्या पॅनेलमधले दोन जंतू मात्र गांभीर्याने घ्यायचे: मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि ट्रायकोमोनास. गनोरिया-क्लॅमिडिया निगेटिव्ह असून मूत्रमार्गाची सूज टिकली, तर हे दोघे बघायला हवेत. जेनिटॅलियमवर अझिथ्रोमायसिन आता पुष्कळदा चालत नाही. आधी डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा ७ दिवस, लगेच पाठोपाठ मॉक्सिफ्लॉक्सासिन ४०० मिग्रॅ रोज ७ दिवस असा क्रम असतो. अर्थात तो डॉक्टरने लिहून द्यायचा.

सूज खरंच आहे का, हे ठरवायला मूत्रमार्गाच्या स्रावाची ग्राम स्टेन स्लाइड (काचेवर रंग देऊन बघायची) ही स्वस्त आणि जुनी तपासणी आहे. ऑइल इमर्शनखाली (सूक्ष्मदर्शकाच्या सर्वात मोठ्या भिंगाखाली) एका फील्डमध्ये २ किंवा जास्त पांढऱ्या पेशी (जुना निकष ५) दिसल्या तर सूज आहे. पेशीच नसतील आणि पीसीआरही निगेटिव्ह असेल, तर अँटिबायोटिक थांबवून कारण दुसरीकडे शोधायला लागायचं. मोठ्या पॅकेजमध्ये ही स्लाइड सहसा नसते.

गुलबक्षी
एवढं कशाला? सात दिवस डॉक्सी देऊन बघावं. लागू पडलं तर उत्तम, नाही तर पुढचं. प्रत्येकाला पीसीआर परवडत नाही.

चाफा
@गुलबक्षी, तपासणीची सोय नाही आणि स्राव डोळ्यांना दिसतोय, अशा ठिकाणी लक्षणांवरून औषध देणं योग्यच. सरकारी सुरक्षा क्लिनिकमधलं (लैंगिक आजारांच्या केंद्रातलं) राखाडी किट त्याच तत्त्वावर आहे: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिग्रॅ, एकदाच. माझी हरकत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कोर्सला आहे. डॉक्सी आणि अझिथ्रोमायसिन जंतूंखेरीज सूजही थोडी उतरवतात. त्यामुळे जंतू नसतानाही चार दिवस बरं वाटतं, मग त्रास परततो, आणि रुग्णाची खात्री पटते की जंतू चिवट आहे. या चकरेत माणसं वर्षानुवर्षं राहतात.

औषधवाला
काउंटरच्या या बाजूचं सांगतो. चार गोळ्यांचं एक तयार किट मिळतं: फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ एक, अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एक, सेक्निडॅझोल १ ग्रॅमच्या दोन. लोक ते चिठ्ठीशिवाय मागतात आणि दर महिन्याला मागतात. त्यात गनोरियावरचं एकही भरवशाचं औषध नाही. शिवाय नंतर केलेली तपासणी गोंधळात टाकते. कल्चर खोटं निगेटिव्ह येतं, तर औषधानंतर ३-४ आठवड्यांच्या आत केलेला पीसीआर मेलेल्या जंतूंच्या अंशामुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. गोळी घेतली असेल तर तारीख आणि नाव डॉक्टरला सांगाच. लपवलंत तर रिपोर्टचा अर्थच लागत नाही.

पाणकणीस
घरात कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा आणि धण्याचं पाणी पिऊन ढकललं जातं. त्याने काही बिघडतं का?

सूक्ष्मदर्शी
पाणी कमी पडल्याने लघवी गडद होऊन जळजळत असेल तर एक-दोन दिवसांत फरक पडतो, बिघडत काही नाही. फक्त लघवीचा नमुना देण्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नका, नमुना पातळ होतो.

याच ओघात एक महत्त्वाचं. लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, असा रिपोर्ट वारंवार येत असेल तर तो 'निगेटिव्ह' म्हणून फाइलला लावू नका. आधी घेतलेलं अँटिबायोटिक, क्लॅमिडिया, खडा, आणि आपल्याकडे लघवीच्या मार्गाचा क्षयरोग, ही कारणं बघावी लागतात. क्षयरोगासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी आणि सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूचा पीसीआर).

चाफा
आता रानजाईताईंच्या मूळ मुद्द्याकडे, नीट बघण्याकडे. खाज आणि आग घेऊन येणाऱ्यांत निव्वळ कातडीची कारणं भरपूर सापडतात.

सगळ्यात आधी विचारायचं, तिथे काय काय लावलंय? जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून धुणं, सुगंधी साबण, दिवसातून चार-पाच वेळा धुणं. आजार लागल्याच्या भीतीने धुणं वाढतं, धुण्याने कातडी सोलवटते, आग होते, आणि ती आग आजाराचीच वाटते. दुसरं म्हणजे तिहेरी क्रीम: स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये. त्यातलं क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड जांघेच्या आणि अंडकोषाच्या पातळ कातडीवर आठवडेच्या आठवडे लावलं की नायट्याचं रूप बदलतं, कड अस्पष्ट होते, डॉक्टरही चकतो. अंडकोष लालभडक होऊन सतत भाजल्यासारखा वाटतो. क्रीम बंद केली की आधी वाढतं, म्हणून माणूस परत लावतो. कातडीवर लावायची अशी स्टिरॉइड्स २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये आली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विक्री मात्र थांबलेली नाही.

खरूज विसरू नका. लिंगावर आणि अंडकोषावर खाजऱ्या गाठी आणि रात्री वाढणारी खाज असेल तर बोटांच्या बेचक्या आणि मनगटंही बघा. पर्मेथ्रिन ५ टक्के मानेखाली सर्वांगाला, ८ ते १२ तास, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. फक्त खाजतं तिथे लावलं की उपचार फसतो. किडा मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे राहते, त्याला 'औषध लागू पडलं नाही' समजू नये.

लिंगमुंडाच्या कडेने ओळीत असलेले मोत्यासारखे बारीक दाणे, किंवा कातडीखालचे पिवळसर ठिपके, हे जन्माचे सोबती. चामखीळ समजून त्यांच्यावर जाळायचं औषध लावतात, आणि जखम होते ती त्या औषधाची.

औषधवाला
यात साखरेची भर घाला. पुढच्या कातडीला चिरा, पांढरा थर, वारंवार बुरशी असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) हवीच. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का ते विचारा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यावर बुरशी पोसते. डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्यापासून घरोघरी आहे, पण हा परिणाम काउंटरवर कुणी सांगत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरशी बोला.

शेवंती
स्त्रियांबद्दल अजून कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. 'अंगावर पांढरं जातं' एवढ्या तक्रारीवर बुरशीची गोळी देणं ही रोजची चूक आहे. कॅन्डिडा (बुरशी), बीव्ही (योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडणं) आणि ट्रायकोमोनास यांत फरक करायला पीएचची (आम्लता मोजायची) पट्टी आणि एक स्लाइड बहुतेक वेळा पुरते. पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला लावायची. रक्त किंवा वीर्य असेल तर आकडा चुकीचा वाढतो. पीएच ४.५ च्या वर, पातळ करडा स्राव, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर माशासारखा वास, स्लाइडवर क्ल्यू सेल्स (जंतू चिकटलेल्या पेशी), या चारांपैकी तीन असले की बीव्ही. कॅन्डिडात पीएच सहसा वाढत नाही. ट्रायकोमोनास साध्या ओल्या स्लाइडवर पुष्कळदा निसटतो, स्लाइड दहा-पंधरा मिनिटं पडून राहिली तर आणखीच, कारण तो हलायचा थांबतो.

एका वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली तर एकेक गोळी देत राहण्यात अर्थ नाही. कल्चर करून जात ओळखायची. नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स असेल तर फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ पहिल्या, चौथ्या, सातव्या दिवशी आणि मग दर आठवड्याला एक, सहा महिने. गरोदरपणात हे नाही.

आणि सगळं स्वच्छ असून आग होते तेव्हा? ओलसर कापसाच्या काडीने योनीमुखाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेका ठिकाणी हलकेच स्पर्श करायचा. खालच्या बाजूला, पाच ते सातच्या दरम्यान, नुसत्या स्पर्शाने कळ येते आणि बाहेरची कातडी ठीक असते, तर ते योनीमुखाचं दुखणं आहे, व्हल्वोडायनिया. तीन महिने टिकलेलं आणि दुसरं कारण न सापडलेलं. ते संसर्गाने टिकत नाही आणि अँटिबायोटिकने जात नाही. पाळी गेलेल्या किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईत इस्ट्रोजेन कमी होऊनही हुबेहूब अशीच आग होते. पाळी गेलेल्यांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने काही आठवड्यांत फरक दिसतो.

चाफा यांच्या क्रीमबद्दलच्या इशाऱ्याला एक जोड. पांढरे, पातळ, सुरकुतलेले चट्टे आणि असह्य खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो, आणि तिथे क्लोबेटासोलच मुख्य औषध आहे. निदान करून, ठरावीक मात्रेत, देखरेखीखाली. कोड समजून दुर्लक्ष केलं की योनीमुख आक्रसत जातं.

चाफा
पूर्ण सहमत. पुरुषांतही तसंच, पुढची कातडी घट्ट होत जाते. औषध एकच, पण निदानाशिवाय वापरलं तर घात करतं.

घाटवाट
पेल्विक फिजिओथेरपीच्या अंगाने. बसल्यावर वाढणारं दुखणं, वीर्यस्खलनानंतर टोचणं, लघवीची धार सुरू व्हायला वेळ, गुदद्वार आणि अंडकोषाच्या मधल्या जागेत दडपण, टोकाशी जळजळ आणि तरी लघवी स्वच्छ, ही खूण बहुधा पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) आखडलेल्या स्नायूंची असते. तीन महिन्यांवर टिकलं तर त्याला क्रॉनिक पेल्विक पेन म्हणतात. 'प्रोस्टेटायटिस' असं नाव लागलेल्या पुष्कळ पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये जंतू सापडतच नाहीत.

भीतीने माणूस खांदे आखडतो तसे हे स्नायूही आखडतात, फक्त ते कळत नाही. त्यातून जळजळ, जळजळीतून भीती.

इथे एक चूक सर्रास होते. कुणीतरी मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा करायला सांगतं, किंवा केगल (हेच स्नायू आवळण्याचे व्यायाम). आधीच आखडलेला स्नायू आणखी आवळला की दुखणं वाढतं. करायचं ते उलट. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, एक हात बेंबीखाली. चार अंक मोजत श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि लघवी सोडताना जसं सैल होतं तसं खाली सैल सोडा. सहा अंक मोजत श्वास सोडा, सोडताना आवळू नका. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. बालासन आणि आनंद बालासन सोबत चालतं. बद्धकोष्ठता आधी सोडवा, कुंथण्याने सगळं केलेलं पाण्यात जातं. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. काहींना डॉक्टर टॅमसुलोसिन किंवा रात्री १० मिग्रॅ अमिट्रिप्टिलिन जोडतात. या दुसऱ्या गोळीला नैराश्याची गोळी म्हणून घाबरतात, पण या मात्रेत ती मज्जातंतूच्या दुखण्यासाठी असते.

बसल्यावर कळ, उभं राहिल्यावर किंवा कमोडवर बसल्यावर आराम असेल तर पुडेंडल नसेचा (जननेंद्रियाच्या भागाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा) विचार करा. सायकल आणि लांबचा दुचाकी प्रवास काही आठवडे बंद.

गुलबक्षी
म्हणजे शेवटी 'टेन्शन घेऊ नका' हेच ना? रुग्णाला हे ऐकून संताप येतो.

दवबिंदू
येणारच, कारण तसं सांगणं अर्धवट आहे. समुपदेशन करताना पहिलं वाक्य हवं की त्रास खरा आहे. घाटवाट यांनी लिहिलंय ते स्नायू खरंच आखडलेले असतात. मन ते दुखणं उभं करत नाही, चालू ठेवतं. कसं, ते ठोस दाखवावं लागतं.

एक, टोक पिळून स्राव येतोय का बघणं. वारंवार पिळलं की मूत्रमार्ग चिडतो आणि एखादा स्वच्छ थेंब येतोच, मग तो पुरावा वाटतो. हे पूर्ण बंद करायचं. दोन, मोबाइलच्या उजेडात रोज बघणं आणि फोटो काढणं. नवी जखम किंवा फोड आला तर फोटो जरूर काढा, बाकी नाही. तीन, पुन्हा तपासणी. निगेटिव्ह रिपोर्टने जेमतेम दोन दिवस बरं वाटतं, मग शंका आणखी बारीक होते. मुदत पूर्ण झाल्यावरची निगेटिव्ह तपासणी आणि त्यानंतर नवा धोका नाही, तर तो विषय कागदावर तारखेसह लिहून बंद करायचा. शंका तरीही सुटत नसेल, दिवसातले तास त्यात जात असतील, झोप उडाली असेल, तर तो चिंतेचा आजार आहे आणि त्याला सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारं समुपदेशन) आणि गरजेनुसार गोळ्या असा उपचार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं.

आपल्याकडे आणखी एक पदर आहे, 'धातू जाते' ही भीती. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये याला धात सिंड्रोम म्हटलं. शौचाला कुंथताना प्रोस्टेटचा पांढरट द्रव येऊ शकतो, तो आजार नाही आणि त्याने शक्ती जात नाही. लोकलमधल्या आणि भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती याच भीतीवर चालतात.

सूक्ष्मदर्शी
लघवी गढूळ दिसते म्हणून धातू समजणारेही येतात. पुष्कळदा ते फॉस्फेट असतं. नमुन्यात अ‍ॅसेटिक आम्लाचे काही थेंब टाकले की लघवी स्वच्छ होते. हे रुग्णासमोर करून दाखवावं, दहा मिनिटांच्या समजावण्यापेक्षा ते पटकन पोचतं.

पाणकणीस
आणि जोडीदाराचं काय? रिपोर्ट निगेटिव्ह, तरी संबंध टाळायचे?

शेवंती
मुदत पूर्ण झाल्यावरचे रिपोर्ट निगेटिव्ह आणि जखम नाही, तर टाळायचं कारण नाही, दुखत असेल तेवढंच थांबा. पॉझिटिव्ह येऊन उपचार झाला असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घेऊन ७ दिवस थांबायचं. एकानेच घेतलं की आजार फिरून परत येतो आणि 'औषध चाललं नाही' असा समज होतो. कातडीला लावायची व्हॅसलीन लेटेक्स कंडोम कमकुवत करते, संबंधाआधी धुवा. कंडोमनंतरच दर वेळी आग होत असेल तर लेटेक्सची किंवा त्यावरच्या द्रवाची अ‍ॅलर्जी बघा.

चाफा
खालील गोष्टींत धाग्यावर विचारत बसू नका, त्याच दिवशी जा: अंडकोष अचानक सुजून तीव्र दुखणं (काही तासांत शस्त्रक्रिया लागू शकते), ताप आणि ओटीपोटात कळ, लघवी अडणं. लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसलं, अंडकोषात न दुखणारी गाठ लागली किंवा न दुखणारी जखम दिसली, तर त्याच आठवड्यात. फोड आले असतील तर ताजे असतानाच, शक्यतो ४८ तासांत, त्यातून हर्पिसचा पीसीआर स्वॅब घेतात. सुकल्यावर काही मिळत नाही.

कोकणकडा
हे सगळं वाचून तालुक्याच्या ठिकाणच्या माणसाने कुठल्या दाराशी जायचं?

दवबिंदू
जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सुरक्षा क्लिनिक असतं. एचआयव्हीसाठी आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी केंद्र), दोन्ही मोफत. जवळचं केंद्र १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारता येतं. एचआयव्ही तपासणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणं हे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जाताना एका कागदावर लिहून न्या: शेवटचा असुरक्षित संबंध कधी, कोणती तपासणी कोणत्या तारखेला, कोणती गोळी किती दिवस, आणि लावलेल्या प्रत्येक क्रीमची ट्यूब सोबत. डॉक्टरांनी कपडे न काढताच चिठ्ठी लिहायला घेतली तर स्पष्ट म्हणा, 'एकदा बघून घ्या'. बाईला स्त्री डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी असेल तर तसं मागता येतं.

रानजाई
कागदाचा आणि ट्यूबचा मुद्दा वरच्या पोस्टमध्ये जोडते. @घाटवाट, श्वासाचा व्यायाम स्त्रियांनाही तसाच चालेल का, आणि पाळीत करावा का?

घाटवाट
तसाच, पाळीतही. टाके ताजे असतील किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा. योनीमुखाचं दुखणं असेल तर पहिले दोन आठवडे फक्त श्वास. आतून स्नायू सैल करण्याचं काम प्रशिक्षित फिजिओकडूनच करून घ्या, व्हिडिओ बघून घरी करू नका.